दुपट्याची नोंद

व्यापारी घरात पैशाचा व्यवहार रोजकीर्दीत लिहिला जातो, तेथून खतावणीत जातो. वर्षे लोटली तरी कोणाकडून काय आले ते सापडते. घरातील माणसांच्या आठवणींची मात्र अशी नोंद नसते. आजेसासूबाई निवर्तल्या की त्यांची सुती नऊवारी पातळी ट्रंकेत जातात आणि घडीवरच विरत राहतात.

तान्ह्यासाठी दुपटे शिवू पाहणाऱ्या तरुण आईचा हात म्हणूनच अडखळतो. आजींच्या पातळाला कात्री लावावी, की ते तसेच जपावे? वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते. बाळाच्या कोवळ्या अंगाला तेच मानवते. दोन-तीन पदर एकावर एक ठेवून जवळजवळ धावदोरा घातला की दुपटे तयार होते. काठ वेगळा काढून कडेला लावावा, कारण पातळ ओळखले जाते ते काठावरून.

मग मागील बाजूस छोटी पट्टी लावून पातळ कोणाचे आणि दुपटे कोणत्या वर्षी शिवले, हे दोऱ्याने भरावे. सासूबाई सांगावयास आहेत तोवरच ते विचारून घ्यावे. नाव नसलेले दुपटे पुढच्या पिढीच्या हाती केवळ जुने कापड म्हणून जाईल.