भट्टीवरचा पाव आणि मुंबईच्या बेकऱ्या

मुंबईच्या जुन्या बेकऱ्या मुख्यतः तीन समाजांच्या मेहनतीवर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमान भागातून आलेले झोरोस्ट्रियन इराणी, गोव्याहून आलेले ख्रिस्ती पाववाले आणि उत्तर प्रदेशातले मुस्लिम कारागीर. इराण्यांनी बेकरीला चहाची टेबले जोडली, गोवेकरांनी पाव आणला आणि आज पहाटे पीठ मळणारे हात बहुधा उत्तर प्रदेशातल्या माणसांचे असतात.

लादीपावाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून मांडतात. फुगताना ते चिकटतात, म्हणून वरची बाजू तपकिरी होते आणि कडा पांढऱ्या, मऊ राहतात. वडापावाला हाच मऊपणा लागतो. ब्रून पावाचा प्रकार वेगळा. तो सुटा आणि जास्त वेळ भाजतात. सुरी लावली की त्याचे कवच कडकन मोडते, चुरा टेबलभर उडतो. आत मस्का फासलेला, कधी वर साखर भुरभुरलेली. ब्रून चहात बुडवूनच खावा, कोरडा खाल्ला तर टाळू सोलवटते.

ब्रूनसाठी फोर्टातली याझदानी बेकरी गाठावी. धोबी तलावच्या जेर महालमधले कयानी अँड कंपनी १९०४ सालचे आहे. तेथे खवा आणि वेलचीचा मावा केक घ्यावा, पण सकाळी. संध्याकाळपर्यंत उरलेला केक कोरडा पडतो. मरीन लाइन्सच्या गल्लीतली पॅरिस बेकरी खारी आणि बटाशांसाठी ओळखली जाते. भायखळ्याची अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी कार्व्हालो या गोवेकर कुटुंबाने १९०८ मध्ये सुरू केली. कुलाब्यात २००४ मध्ये सुरू झालेल्या थिओब्रोमा बेकरीच्या ब्राउनी चांगल्याच असतात, मात्र या बेकरीच्या शाखा आता अनेक शहरांत आहेत. खास मुंबईत येऊन शोधावी अशी ती वस्तू उरलेली नाही. खरी निवड मात्र नावाजलेल्या दुकानांपुरती नसते. आपल्याच वॉर्डातली, पाटी अर्धी पुसलेली बेकरी बहुतेक वेळा सगळ्यात ताजा पाव देते.

या बेकऱ्यांचे भवितव्य सध्या भट्टीशी बांधले गेले आहे. विटांच्या भट्टीत आधी जाळ करतात, जाड भिंती उष्णता धरतात आणि ती हळूहळू सोडतात. कडक आचेवर पाव निघतो. पुढे आच उतरत जाते तशी खारी, नानकटाई आणि शेवटी टोस्ट वाळवायला जागा होते. जळण म्हणून अनेक ठिकाणी मोडक्या फर्निचरचे भंगार लाकूड वापरतात, कारण ते स्वस्त पडते. प्लायवूडमधला गोंद आणि लाकडावरचे पॉलिश जळाले की निघणारा धूर शेजारच्या चाळीतल्या मुलांच्या छातीत जातो. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

आदेश योग्य होता. लाकडाशिवाय पावाला चव येत नाही, हा बचाव अर्धाच खरा आहे. चव मुख्यतः तापलेल्या विटेतून आणि पीठ आंबायला दिलेल्या वेळेतून येते. वीट गॅसच्या ज्योतीनेही तापते. अडचण पैशाची आणि जागेची आहे. नवी भट्टी, बर्नर, पाइप गॅसची जोडणी किंवा वाढीव वीजभार, हे सगळे अरुंद गाळ्यात बसवायचे आणि त्या काळात धंदाही चालू ठेवायचा. लादीवर थोडकाच नफा मिळवणाऱ्याला ते एकट्याने पेलत नाही. पावाचा भाव वाढवला तर भार वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्या हमालावर आणि कामगारावर पडतो. म्हणून धूर बंद करण्याची सक्ती जितकी ठाम, तितकीच मदतही ठोस हवी: कमी व्याजाचे कर्ज, गॅसजोडणीत प्राधान्य आणि विटांची भट्टी न पाडता तिला बर्नर बसवण्याची परवानगी. शहराला पाव हवा असेल, तर महापालिकेने आणि राज्य सरकारने नोटिशीबरोबर हा खर्चही वाटून घ्यावा.