ठेवणीतलं ऊन

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात पुतण्याकडे इंग्लंडला महिनाभर राहून आलो. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथे तो राहतो. नोव्हेंबर हा तिकडे जाण्याचा महिना नव्हे, हे तिकीट काढून झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं. सकाळी आठपर्यंत धड उजाडत नाही आणि दुपारी चार-साडेचारला दिवे लावावे लागतात. मधल्या वेळात आभाळ धुण्याच्या पाण्यासारखं. करण्यासारखं काही नसल्याने मी खिडकीत बसून गल्ली बघायचो.

समोरच्या घरात सत्तरी उलटलेले एक निवृत्त मास्तर राहत. रोज साडेनवाच्या सुमाराला ते बाहेर पडत. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्याला मफलर, हातात कातडी मोजे. गॅरेजमधून जुनी, गडद हिरवी, दोन माणसांची एमजी गाडी बाहेर काढत आणि टप पूर्ण खाली केलेला ठेवूनच वर्तमानपत्र आणायला जात. तोंडातून वाफ निघतेय, आणि गृहस्थ उघड्या गाडीतून चालले आहेत! मला आधी वाटलं, टप मोडला असेल.

"नाही काका," पुतण्या म्हणाला, "टप चांगला आहे. पण प्रत्यक्ष पाऊस पडत असेल तरच ते लावतात. नाहीतर बारा महिने असेच."

त्याच गल्लीत पाच-सहा घरं सोडून दुसरी एक उघडणारी गाडी होती. रुपेरी, नवी, महागडी. बटण दाबलं की टप आपोआप उचलतो, घडी होतो आणि मागच्या डिकीत जाऊन झोपतो. महिनाभरात ती एकदाही उघडी दिसली नाही. मालक चाळिशीतला, हसतमुख. एकदा फाटकाशी भेटला तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "उन्हाळ्यात उघडतो." गेल्या उन्हाळ्यात किती वेळा उघडली? त्याने जरा आठवून पाहिलं आणि स्वतःच हसला. दोनदा, फार तर तीनदा. एकदा ऊन फार होतं, एकदा बायकोचे केस नुकतेच सेट केलेले होते, एकदा हमरस्त्यावर आवाज फार यायला लागला.

म्हणजे वेगळ्या पैशाने घेतलेली उघडी गाडी एक जण रोज उघडतो, आणि दुसरा योग्य दिवसाची वाट बघतो. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही दोन्ही खाती ओळखीची वाटली.

मोटारींची सुरुवातच मुळात उघड्या गाड्यांनी झाली. १९१९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दहांतल्या नऊ गाड्या उघड्या होत्या. वर कापडी टप, बाजूंना पडदे, आपल्या टांग्यासारखंच. बंद गाडी ही श्रीमंतांची चैन. मग हडसन कंपनीने एसेक्स नावाची साधी, चौकोनी, बंद गाडी काढली आणि १९२५ पर्यंत ती उघड्या गाडीपेक्षाही स्वस्त करून टाकली. दहा वर्षांत प्रमाण नेमकं उलटं झालं. लोकांना वारा नकोच होता, पर्याय नव्हता म्हणून ते खात होते. छप्पर सर्वांना परवडू लागलं तेव्हा कुठे छप्पर नसण्याला किंमत आली.

अ‍ॅबिंग्डन हे त्याच वेडाचं एक माहेरघर. एमजीचा कारखाना इथेच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना एमजीच्या छोट्या उघड्या गाड्यांनी भुरळ घातली. पुढे १९६२ साली एमजीबी आली आणि १९८० साली कारखाना बंद होईपर्यंत त्या एका मॉडेलच्या पाच लाखांवर गाड्या इथून बाहेर पडल्या. मास्तरांची गाडी त्यांतलीच, सुरुवातीच्या वर्षांतली. तिचा टप म्हणजे एक तंबूच होता. सांगाडा वेगळा, कापड वेगळं, दोन्ही डिकीत. पाऊस आला की गाडी बाजूला घ्यायची, नळ्या जोडायच्या, कापड ताणून बटणं लावायची. तोवर चालक भिजलेला आणि बरेचदा पाऊस थांबलेला. अशा गाडीचा मालक टप लावायला नाखूष असतो तो काही केवळ रसिकतेमुळे नव्हे. थोडा आळसही असतो, मास्तरांनीच कबूल केलं. १९८९ साली जपानच्या माझ्दाने एमएक्स-५ काढली, तिचा टप बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतो. २०१६ पर्यंत तशा दहा लाख गाड्या झाल्या. लोकांना वारा हवा होता, तंबू नको होता.

थंडीचं मात्र मला कोडं होतं, तेही मास्तरांनी उलगडलं. पायाशी हीटर पूर्ण सोडायचा, बाजूच्या काचा वर घ्यायच्या. समोरची काच वारा वर फेकते आणि तो डोक्यावरून निघून जातो. गाडी बऱ्यापैकी वेगात असेल तर भुरभुर पाऊसही त्याच वाटेने मागे जातो. संकट येतं ते सिग्नलला. तिथे थांबलं की सगळ्यांसारखंच भिजायचं. थंडीचा बंदोबस्त करता येतो, भर दुपारच्या उन्हाचा येत नाही. म्हणूनच उष्ण प्रदेशात अशा गाड्यांचे मालक दुपारी टप लावून, एसी सोडून बसतात आणि संध्याकाळी उघडतात. युरोपात या गाड्या मोठ्या संख्येने घेणारे देश कोणते, तर जर्मनी आणि ब्रिटन. सूर्य ज्यांच्याकडे कमी, तेच त्याच्यासाठी गाडीचं छप्पर कापतात.

आपल्याकडे ही गाडी रुजली नाही याचं नवल नाही. आठ महिने ऊन नि धूळ, चार महिने पाऊस, पुढच्या ट्रकचा धूर आणि शेजारून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून येणारी पानाची पिंक. तरी उघड्या टपाचं सुख आपल्याला अगदीच अनोळखी नव्हतं. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्याआधी ज्यांनी संध्याकाळी टप मागे टाकून मरीन ड्राइव्हला फेरी मारली असेल त्यांना ते ठाऊक आहे.

माझी उघडी गाडी म्हणजे बँकेची जीप. १९८० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. जीपला कॅनव्हासचा टप होता, आणि तो कधी काढायचा याचं आमच्या ड्रायव्हरचं एक शास्त्र होतं. कर्जमेळा असला की तो न सांगता टप गुंडाळायचा. साहेब लोकांना दिसले पाहिजेत. वसुलीचा दिवस असला की टप चढवून, बाजूचे पडदेसुद्धा बांधायचा. "सायेब, लांबनं वळखू आलो तर मानसं शेतात ऱ्हात न्हाईत." पुढे बँकेने मला बरीच प्रशिक्षणं दिली, पण कर्जव्यवहाराबद्दल इतकं नेमकं कोणी काही सांगितलं नाही.

खरं तर आपल्याकडे गाडीचा टप काढतात तो वारा खाण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी. नवरानवरीची वरात उघड्या गाडीतून. १९७१ साली वाडेकरांचा संघ इंग्लंड जिंकून आला तेव्हा मुंबईत खेळाडूंची मिरवणूक उघड्या गाड्यांतून निघाली. २००७ साली धोनीचा संघ ट्वेंटी-२० विश्वचषक घेऊन आला तो उघड्या बसमधून, चांगल्या पावसात, आणि कोणी आडोसा शोधला नाही. दिसण्याला कधी कधी भयंकर किंमत पडते. २२ नोव्हेंबर १९६३ ला सकाळी टेक्ससमध्ये पाऊस होता. डल्लासला आभाळ निवळलं म्हणून केनेडींच्या गाडीवरचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आच्छादन लावलं नाही. ते गोळी अडवणारं नव्हतं, तरीही पुढची साठ वर्षं माणसं त्या निवळलेल्या आभाळाचा विचार करत आली आहेत.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती कॅडिलॅकची गोष्ट. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होणार, उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हवा होती. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन उघडी गाडी म्हणून जाहीर केली. सुमारे चौदा हजार गाड्या निघाल्या, त्यांतल्या अखेरच्या दोनशे पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. लोकांनी छापील किमतीच्या वर पैसे मोजून त्या घेतल्या. कशासाठी? चालवण्यासाठी नव्हे. कित्येकांनी त्या गॅरेजमध्ये आच्छादन घालून ठेवून दिल्या, भाव चढेल म्हणून. बंदी काही आली नाही. १९८२ साली क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली, १९८४ च्या मॉडेलांत खुद्द कॅडिलॅकनेही आणली. ठेवून देणाऱ्यांपैकी काही जण फसवणूक झाली म्हणून कोर्टात गेले. माझी सहानुभूती त्यांच्याकडे जायला हवी, कारण मी त्याच पंथाचा. पण जात नाही. आठ वर्षं उन्हाळे येऊन गेले, गाडी दारात होती, टप उघडणारा होता. ते उन्हाळे कंपनीने थोडेच नेले?

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, 'ठेवणीतलं'. ठेवणीतली साडी, ठेवणीतले कप, ठेवणीतली चादर. आमच्या काचेच्या कपाटात सहा कपबशा आहेत, लग्नात आलेल्या. पाहुणे आले की त्या काढायच्या. पण ज्यांच्यासाठी काढाव्यात असे पाहुणे गेल्या चाळीस वर्षांत आमच्याकडे आलेच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. बँकेत हेच मी मोठ्या प्रमाणावर पाहिलं. मुदत संपली की ठेव पुन्हा गुंतवा, व्याजासकट. एक आजोबा दर वेळी पावती हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचत आणि परत देत. काशीला जायचं होतं त्यांना. दहा वर्षं दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. २०२४ च्या मार्चअखेर ही रक्कम ७८ हजार कोटी रुपयांच्या वर होती. त्यात काही विसराळूपणा असेल, काही वारसांची भांडणं. पण काही तरी कोणाची काशीयात्रा असणारच. (ज्यांच्या घरात जुन्या पावत्या सापडतील त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या २०२३ साली सुरू झालेल्या पोर्टलवर नाव टाकून पाहावं. जुनी सवय, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

मी काटकसरीची टिंगल करत नाही. ठेवून ठेवूनच आमच्या पिढीने मुलं शिकवली, म्हाताऱ्यांची आजारपणं काढली. पावसाच्या दिवसाची सोय नको, असं कर्जवसुली केलेला माणूस म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पाऊस नसतानाही आम्ही टप उतरवत नाही, आणि त्याला शिस्त म्हणतो. तो रुपेरी गाडीवाला निदान हसला तरी.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, येता का? मी सकाळभर न पडलेल्या पावसाकडे पाहिलं आणि हो म्हणालो. त्यांच्या गाडीला टपाखेरीज बसायच्या जागेवर ताणून बसवायचं एक आच्छादन होतं, मधोमध चेन असलेलं. चालकाच्या बाजूचं तेवढं उघडायचं, शेजारची जागा झाकलेलीच ठेवायची. मी महिनाभर पाहत होतो ते तसंच होतं. आता त्यांनी माझ्या बाजूची चेन ओढली तर ती सरकेना. आत जाऊन त्यांनी मेणबत्तीचा तुकडा आणला, चेनवर घासला, पुन्हा ओढली. बायको जाऊन चार वर्षं झाली, एवढंच म्हणाले आणि बसायची खूण केली.

थेम्सच्या बाजूने निघालो. पाय गरम, नाक बर्फ. उघड्या गाडीत वास इतके येतात याची मला कल्पना नव्हती. ओला पाला, कोणाच्या तरी धुराड्याचा धूर, बेकरी. परत येताना भुरभुर सुरू झाली, ती खरोखरच डोक्यावरून गेली. मग गावात सिग्नल लागला. शेजारी शाळेची बस होती, तिच्यातल्या पोरांनी आमच्याकडे पाहून हात केले. मास्तरांनी टोपी काढून अभिवादन केलं, त्यामुळे तेही भिजले. सिग्नल फार मोठा होता.

रात्री घरी फोन केला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण अंगात काय होतं?"

"तो निळा स्वेटर."

"ठेवणीतला?"

"हो."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"लोकरीचा आहे, पिळू नका," ती म्हणाली. "टॉवेलवर पसरून ठेवा."