अदृश्य चिन्हे आणि पाठसंपादकाची जबाबदारी

जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नव्हती. ओळ सलग चाले. त्यामुळे पदच्छेद हा संपादकाचा निर्णय ठरतो आणि तो चुकला की अर्थही चुकतो, हे मराठी पाठचिकित्सेने केव्हाच मान्य केले आहे. संगणकावरील संहितेतही रिकामी दिसणारी जागा रिकामी असतेच असे नाही, याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचे संयोजक चिन्ह ठेवून. दुसरी रीत 1996च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून टिकवलेली आहे. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. यंत्राच्या साध्या अक्षरतुलनेत त्या भिन्न ठरतात. संहितेची ने-आण होताना ते चिन्ह गळाले, तर दऱ्यांचा दर्या होतो. 'वाङ्मय' या शब्दाचीही तीच गत: 'ङ'चा पाय मोडलेला दिसावा म्हणून कोणी मध्ये विलगक चिन्ह घालतो, कोणी घालत नाही. उद्या कोणी कळंब परिसरातील जात्यावरच्या ओव्या संकलित करून त्यांची शब्दसूची संगणकाकडून करवून घेतली, तर एकच शब्द दोन नोंदींत विभागला जाईल.

संकेतप्रणाली बदलली की गुंता वाढतो. 1991च्या इस्की मानकात या कामासाठी वेगळी चिन्हे नव्हती. हलन्त दोनदा दिला की पाय मोडलेला राही, हलन्तापुढे नुक्ता दिला की अर्धे अक्षर मिळे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला हे ठाऊक नसेल, तर नुक्ता भलत्याच ठिकाणी चिकटतो. यूटीएफ-8मध्ये संयोजकाला तीन बाइट लागतात. ती संहिता लॅटिन संकेतात उघडली की अदृश्य चिन्हाच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. हे एका परीने बरेच, चूक निदान डोळ्यांना दिसते!

'हे तंत्रज्ञाचे काम' हा आक्षेप टिकणारा नाही. अनुस्वाराचा पाठभेदही तळटीपेत नोंदवणाऱ्या संपादकाने अर्धा र कोणत्या रीतीने लिहिला आणि विलगक कोठे घातले, हे प्रस्तावनेत सांगितलेच पाहिजे. अनेक संपादन-आज्ञावली साधी जागा ठिपक्याने आणि टॅब बाणाने दाखवतात. शून्य रुंदीची चिन्हे त्यांत येतीलच असे नाही. ती दाखवणारी आज्ञावली निवडून संपादकाने संहिता मुद्रणापूर्वी स्वतः तपासावी, कारण मुद्रितशोधकाच्या हाती येणाऱ्या कागदावर ही चिन्हे उमटत नाहीत.