धनु राशीतील गूढ तेज

ज्येष्ठातील निरभ्र रात्री परभणीस माळवदावर निजणाऱ्यास दक्षिणेकडे धनु रास दिसते. त्याच दिशेस, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. गॅमा किरण वातावरण भेदून खाली पोचत नाहीत. म्हणून 2008 साली ‘फर्मी’ नामक दुर्बीण अंतराळात धाडण्यात आली. तीस केंद्राभोवती अपेक्षेहून अधिक गॅमा तेज आढळले. ते अदृश्य कृष्णद्रव्याचे, असे कित्येक विद्वान म्हणतात. इतरांच्या मते ते सेकंदास शेकडो गिरक्या घेणाऱ्या वृद्ध स्पंदक ताऱ्यांचे होय.

आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे, आणि त्याचे कारण अगदी घरचे आहे. नारायणगावानजीक खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. फर्मीस दिसलेल्या एका अनोळखी उगमाकडे ती रोखली असता सेकंदास सुमारे 460 वेळा फिरणारा स्पंदक सापडला; हे 2013 साली प्रसिद्ध झाले. तो तारा केंद्रातला नव्हे, हे खरे. केंद्राकडील वायूंतून येताना रेडिओ-ठोके विसकटतात, यास्तव तेथील शोध फार बिकट. तथापि ज्ञात कारणाची पुरती झडती घेण्यापूर्वी अज्ञात द्रव्याचा जयघोष करणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते. प्रतिपक्ष म्हणेल, “मग तुमचे तारे एकेक करून दाखवा.” मागणी रास्त आहे. ती पुरविण्याजोग्या मोठ्या रेडिओ-दुर्बिणी दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात उभ्या राहत आहेत, आणि त्या कामी भारतही भागीदार आहे.