फ्रेमवर्क बदलण्याआधी आहे ते पुरते शिका! ‘जँगो’मध्ये तयार काय मिळते?

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांच्या बायोडेटात हल्ली फ्रेमवर्कच्या नावांची रांग असते. जँगो, फ्लास्क, लारावेल... प्रत्येकात लॉगिनचे एक पान बनवून झालेले असते. पण त्यांपैकी एखाद्यात आधीपासून काय काय तयार आहे, असे विचारले की गाडी अडते. मग फ्रेमवर्क जे काम एका ओळीत करून देते, तेच पानभर कोड लिहून, वर चुकांसह, पुन्हा केले जाते. या चुकांची किंमत बहुतेक वेळा कोड लिहिणाऱ्याला नाही, तर त्या वेबसाइटवर विश्वासाने फोन नंबर आणि पासवर्ड देणाऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच नवे नाव जोडण्यापेक्षा एकच फ्रेमवर्क मुळापासून शिकणे शहाणपणाचे. पायथॉन भाषेतले ‘जँगो’ हे त्याचे चांगले उदाहरण.

जँगो आले कुठून?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी याची सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. नाव मिळाले गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे. वृत्तपत्रात काम तासांत संपवावे लागते; त्यामुळे वारंवार लागणाऱ्या गोष्टी एकदाच नीट बनवून ठेवायच्या, हा स्वभाव या फ्रेमवर्कमध्ये पहिल्यापासून उतरला.

‘अ‍ॅडमिन’चा उपयोग काय?

बातमीदाराला कोड येत नाही, पण मजकूर तर त्यालाच भरायचा असतो. या गरजेतून अ‍ॅडमिन आले. डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन, म्हणजे ‘मॉडेल’, लिहिले आणि ते अ‍ॅडमिनमध्ये नोंदवले की माहिती भरण्याची, शोधण्याची, दुरुस्त करण्याची पाने आपोआप तयार होतात. कोणाला काय बदलता येईल, याचे अधिकारही तिथेच ठरवता येतात. वाचनालय किंवा शिकवणी वर्गाच्या अंतर्गत नोंदींसाठी वेगळे पॅनेल बनवण्यात आठवडे घालवण्याची गरज उरत नाही. मात्र हे पॅनेल विश्वासातील कर्मचाऱ्यांसाठी आहे. ग्राहकांपुढे तेच ठेवणे चूक.

वेबसाइट हळू का चालते?

जँगोमध्ये डेटाबेसशी बोलणी ‘ओआरएम’मार्फत होतात, एसक्यूएल हाताने लिहावे लागत नाही. सोय मोठी, पण तिच्या पोटात एक खड्डा आहे. समजा, १०० विद्यार्थ्यांची यादी दाखवायची आणि प्रत्येकासमोर कॉलेजचे नाव. सरळ लूप लिहिला तर यादीसाठी एक आणि कॉलेजांसाठी १००, अशा १०१ फेऱ्या डेटाबेसकडे होतात. ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही सूचना जोडली की तेच काम एका फेरीत होते. हे माहीत नसलेला मोठा सर्व्हर विकत घ्यायला सांगतो. माहीत असलेला एक शब्द वाढवतो.

सुरक्षा कोणाची जबाबदारी?

येथे अर्धवट शिकणे सर्वात महागात पडते. जँगो पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचा हॅश ठेवते. कोणी अभिप्रायाच्या चौकटीत घातक कोड टाकला, तर टेम्प्लेट तो निव्वळ मजकूर म्हणून दाखवते. दुसऱ्याच वेबसाइटने वापरकर्त्याच्या नावावर परस्पर फॉर्म पाठवू नये, म्हणून प्रत्येक फॉर्मसोबत गुप्त टोकन मागते. नवशिक्याला ‘४०३’ हा एरर दिसतो तो अनेकदा या टोकनमुळेच. अशा वेळी फॉर्ममध्ये टोकनची एक ओळ लिहायची, की इंटरनेटवरून उचललेल्या उपायाने ही तपासणीच बंद करायची? दुसरा मार्ग म्हणजे गजर वाजतो म्हणून त्याची वायर कापणे. ‘डीबग’ चालू ठेवून वेबसाइट लोकांसाठी खुली करणे हाही त्याच जातीचा निष्काळजीपणा; त्यात एररच्या पानावर आतला कोड आणि रचना कोणालाही दिसते. ‘चेक डिप्लॉय’ ही एका ओळीची आज्ञा अशा त्रुटी आधीच दाखवते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही लक्षात ठेवलेले बरे.

मराठी वेबसाइटला काय अडचण?

जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. तरी तयार सुविधा डोळे मिटून वापरता येत नाहीत. शीर्षकावरून वेब पत्ता बनवणारे ‘स्लगिफाय’ मुळात इंग्रजी अक्षरे गृहीत धरते. ‘मराठी’ हा शब्द दिला तर हाती काहीच उरत नाही. युनिकोडची परवानगी दिली तर ‘मरठ’ मिळते, कारण पायथॉनचा नियम मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. यावर उपाय म्हणजे स्वतःचे छोटे फंक्शन लिहिणे. सुविधा शिकणे म्हणजे तिची मर्यादा शिकणेही.

मग शिकायचे कसे?

एक आक्षेप रास्त आहे : सारे तयार मिळाले तर आतले कळणार कसे? त्यासाठी लॉगिन एकदा हाताने बनवून पाहावे, जरूर पाहावे. पण सरावापुरतेच, लोकांची माहिती त्यावर सोपवू नये. कंपन्या नवी नावे मागतात, हा दुसरा आक्षेप. पण टोकन, हॅश, डेटाबेसच्या फेऱ्या या कल्पना कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये लागतातच. एकात पक्क्या झाल्या की दुसरे शिकायला वेळ लागत नाही.

अधिकृत संकेतस्थळावरील जनमत चाचणीचा धडा विनामूल्य आहे. सुरुवात तिथून करावी. दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ला किमान तीन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. मोबाइल नंबरने लॉगिन हवे असेल, तर वापरकर्त्याचे मॉडेल पहिल्याच दिवशी स्वतःचे करावे. नंतर ते बदलणे किचकट होते. आणि कोणताही कोड लिहायला घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हे फ्रेमवर्कमध्ये आधीच आहे का? बायोडेटातल्या पाच नावांपेक्षा ही एक सवय जास्त काळ उपयोगी पडेल.