आल्प्सच्या पायथ्याशी एक पंगत

युरोपच्या सहलीहून परतलेल्या मंडळींना ‘काय पाहिलेत?’ असे विचारावे, तर पॅरिसच्या मनोऱ्यापासून व्हेनिसच्या होड्यांपर्यंत सारी यादी ऐकावयास मिळते. ‘काय खाल्लेत?’ असे विचारावे, तर बहुधा मोठ्या समाधानाने उत्तर येते, ‘वरणभात एक दिवसही चुकला नाही हो!’ मराठी सहल-कंपन्यांनी ही सोय केली, म्हणूनच रावपुरा-दांडिया बाजारातील वयोवृद्ध जोडपी आल्प्सच्या शिखरापर्यंत निर्धास्तपणे जाऊ लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ज्या भूमीचा घासही आपण घेतला नाही, ती भूमी आपण पाहिली असे कितपत म्हणावे? गतवर्षीच्या उन्हाळी सुटीत आमच्या सहलीत एक दिवस असा उगवला, की हा प्रश्न चाळीस जणांपुढे एकदमच येऊन उभा राहिला.

मुक्काम एंगलबर्ग या गावी होता. सकाळी टिटलिसवर गेलो. शिखराची उंची ३,२३८ मीटर; वरच्या टप्प्यात १९९२ पासून स्वतःभोवती फिरणारा पाळणा आहे, त्यामुळे कोणालाही जागा न सोडता चहूकडची हिमशिखरे दिसतात. वर ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या १९९५ च्या चित्रपटातील नायक-नायिकेचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे आहेत. आमच्या मंडळींचा निम्मा वेळ त्यांच्यासोबत छायाचित्रे काढण्यात गेला. बर्फ बिचारे मागे राहिले.

दुपारी ल्युसर्न. तेथील चौदाव्या शतकातील लाकडी पूल १९९३ साली आगीत बराचसा जळाला आणि अवघ्या वर्षभरात पुन्हा उभा राहिला. परंतु मन गुंतले ते खडकात कोरलेल्या मरणासन्न सिंहापाशी. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या राजवाड्याचे रक्षण करताना फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेले शेकडो स्विस शिपाई कामी आले. त्यांचे हे स्मारक थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या आराखड्यावरून १८२१ साली पूर्ण झाले. स्विस तरुणांनी परक्या राजासाठी प्राण का द्यावेत? कारण साधे आहे. त्या काळी या डोंगराळ मुलखात सर्वांना पुरेल इतके पिकत नसे. घड्याळे, चॉकलेट आणि बँका यांचा हा देश शतकानुशतके आपली मुले भाडोत्री सैनिक म्हणून बाहेर धाडीत होता. सुबत्ता अलीकडची. हे ध्यानी घेतले, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाचा अर्थ उलगडतो.

ते जेवण स्टान्सहून एंगलबर्गकडे जाणाऱ्या दरीतील एका शेतघरी होते. वेळ सहाची. आमच्याकडील लोकांना ती जेवणाची वाटेना. परंतु युरोपात बसचालकाला रोज सामान्यतः सलग अकरा तास विश्रांती देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघावयाचे होते. खाली गोठा, मागे कुरण, पुढे लांबलचक लाकडी बाके. साठीच्या घरातील गृहस्वामिनी स्वतः वाढीत होत्या. पदार्थ एकच, गवळ्यांची मॅकरोनी. मॅकरोनी, बटाटे, साय आणि चीज एकत्र शिजवून वर तळलेला कांदा, आणि सोबत सफरचंदाचा गोडसर गर. १८७२ ते १८८२ या काळात गोटहार्डचा रेल्वे-बोगदा खोदावयास आलेल्या इटालियन मजुरांमुळे मॅकरोनी या भागात रुळली, असे सांगतात. उन्हाळ्यात गाई घेऊन वरच्या कुरणांवर मुक्कामास जाणाऱ्या गवळ्याला ती सोयीची. वाळलेली, वजनाला हलकी, टिकाऊ. दूध-साय तर वर होतीच. कुरणांवरील या हंगामी वास्तव्याच्या परंपरेचा युनेस्कोने २०२३ साली आपल्या वारसा-यादीत समावेश केला आहे.

पदार्थ दिसावयास पूर्ण शाकाहारी. तोच आमच्यातील एका मावशींनी विचारले, ‘या चीजमध्ये काय असते हो?’

प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. आपण घरी पनीर करतो ते लिंबाने दूध फाडून. युरोपातील पारंपरिक चीजसाठी मात्र वासराच्या जठरातून काढलेले एक द्रव्य वापरतात. त्याने दूध घट्ट बसते. आपल्या शेजारच्या आणंदच्या अमूलने सूक्ष्मजीवांपासून मिळणारे द्रव्य वापरून ही अडचण दूर केली, म्हणून आपल्या मुलांच्या डब्यातील चीजबाबत आपल्याला कधी विचार करावा लागला नाही. आमच्या व्यवस्थापकाने प्रश्न जर्मनमध्ये विचारला. बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता खरे ते सांगितले, ‘होय, वासराचेच.’

पंगतीचे तीन भाग झाले. काहींनी ‘आता परदेशात एवढे कोण पाहतो’ म्हणून ताट पुढे ओढले. काहींनी पिशव्यांतून ठेपले आणि छुंदो काढून त्या बाईंच्याच मेजावर मांडला. त्यांनी काही विचारलेही नव्हते आणि आता काही ऐकूनही घेतले नाही. मावशी आणि आमच्या सौभाग्यवती मात्र उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. चीज न घालता बटाट्याचे काही मिळेल का, असे त्यांनी खुणांनी विचारले. बाईंनी किसलेला बटाटा लोण्यावर खरपूस परतून रोस्टी करून दिली, वर सफरचंदाचा गर. त्या निमित्ताने साय किती दिवसांची, लोणी कसे काढता, ताक पिता की नाही, असा दुधाचा सारा व्यवहार दुभाष्यामार्फत बोलून झाला. मी स्वतः रोस्टीच खाल्ली आणि ती उत्तम होती.

माझे मत असे की, त्या संध्याकाळी स्वित्झर्लंड सर्वांत अधिक कोणाला कळले असेल, तर चीज नाकारणाऱ्या त्या दोघींना. ज्यांनी न विचारता खाल्ले, त्यांनी आपले व्रत सोडले, एवढेच झाले. नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु यजमानाला विचारून नाकारणे निराळे आणि त्याच्या दारात आपला डबा उघडणे निराळे. आपण बडोदेकरांना तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे कायमचे ताब्यात घेतले; त्यांच्यामागून आलेले आपले पूर्वज येथे आपापले सोवळे-ओवळे सांभाळीतच राहिले, तरी कढीत गूळ पडू लागला, पोंक आणि उंधियूची ओढ लागली. उलट आपली उसळ गुजराती शेवेखाली जाऊन बसली आणि साऱ्या शहराची शेवउसळ झाली. विचारपूस झाल्यावाचून असे घडत नसते.

येत्या उन्हाळ्यात जाणाऱ्या वाचकांसाठी दोन व्यावहारिक सूचना. सहलीची नोंदणी करतानाच एखादे जेवण शेतघरी अथवा खेड्यातील खाणावळीत ठेवता येईल का, हे विचारावे. पुरेशी मंडळी एकत्र आल्यास ते अशक्य नसते. आणि शाकाहाराबाबत काटेकोर असाल तर ‘लाब’ हा एक जर्मन शब्द लिहून न्यावा. दूध बसविणाऱ्या त्या द्रव्याचे हेच नाव. ते वासराचे की सूक्ष्मजीवांपासूनचे, एवढे विचारले की पुरते. बटाटा आणि सफरचंद तर प्रत्येक घरी असतेच.