मंडळी कोणी मोडली?

एखादी नामांकित कलामंडळी लयास गेली म्हणजे तिच्या अंताचें कारण शोधण्याचे श्रम आपल्याकडे फारसे कोणी घेत नाहीं. आसपास एखादी स्त्री दिसली कीं शोध संपतो. आमच्या बदलापुरांत, कात्रपच्या वस्तींत, मध्यंतरीं एका विद्वान गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय होता इंग्लंडांतील बीटल्स या गायक-वादक चौकडीचा उदयास्त. त्या चौघांच्या यशाचें वर्णन वक्त्यांनीं मोठ्या रसाळपणें केलें; अस्ताचा निकाल मात्र एका वाक्यांत लावला: योको ओनो आली आणि मेळ मोडला. श्रोत्यांस ओळखीचा दाखला हवा म्हणून आपल्या गंधर्व नाटक मंडळीचेंहि गोहरबाईंनीं असेंच केलें, अशी पुस्ती त्यांनीं जोडली, आणि सभागृहांत माना डोलल्या. जें विधान केवळ सनावळी पाहून खोडतां येतें, त्यास सुशिक्षितांनीं माना डोलवाव्या, हें आम्हांस सहन न झाल्यामुळें हा लेखनप्रपंच.

प्रथम सनावळीच पाहूं. गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस आणि बालगंधर्व या तिघांनीं १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ चें 'स्वयंवर', १९१९ चें 'एकच प्याला', १९२० चें 'द्रौपदी' हा तिचा मध्याह्न. १९३४ च्या सुमारास तिचा पडदा पडला आणि बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' या बोलपटांत एकनाथांची भूमिका करण्यास गेले. तो बोलपट १९३५ चा. गोहरबाई कर्नाटकी मंडळींत आल्या त्या १९३८ च्या सुमारास. म्हणजे मंडळी एकदां बंद पडून, बालगंधर्वांचा बोलपटाकडून भ्रमनिरास होऊन, ती मोडक्या सामानानिशीं पुन्हां उभी राहिल्यानंतर. जें घर आधींच कोसळलें होतें, तें चार वर्षांनीं आलेल्या पाहुणीनें पाडलें, असें उत्तर एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेंत लिहिलें असतें, तर आम्हीं त्यास किती गुण दिले असते, हें सांगावयास नकोच.

मग घर कोसळलें कशानें? याचें उत्तर जमाखर्चाच्या वहींत आहे, आणि वही उघडणें हें भक्तांस नेहमींच अरसिकपणाचें वाटतें. भरजरी शालू, दरबारी थाटाचे पडदे, तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, असा हा संसार. रसिकांस जें उत्तम तेंच द्यावयाचें, मग तिजोरींत कांहीं उरो वा न उरो, ही मालकांची वृत्ति. ती थोर होती, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण थोरपणाचें व्याज भरावेंच लागतें. टेंबे आणि बोडस हे भागीदार एकामागून एक बाहेर पडले, आणि १९२१ च्या सुमारास मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली, ती कर्जाच्या ओझ्यासकट. धनिकांचें साहाय्य न घेतां, गाऊन गाऊन, त्यांनीं तें कर्ज पुढील कांहीं वर्षांत फेडलें. परंतु त्यामुळेंच एक गोष्ट उघड झाली: या मंडळीचें सारें भांडवल म्हणजे एका माणसाचा गळा आणि एका माणसाचें रूप.

आणि रूपास वय असतें. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि त्यांत तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणली. तींत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषानें शालू नेसून षोडशवर्षीय रुक्मिणी व्हावें आणि प्रेक्षकांनीं तिच्यावर लुब्ध व्हावें, हा चमत्कार त्यांनीं वर्षानुवर्षें घडविला, पण तो यापुढें अवघड होणारच होता. त्यांत बोलपटाचें तिकीट स्वस्त आणि खेळ आटोपशीर! रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठीं गांवोगांव फिरणारें बिऱ्हाड त्यापुढें किती दिवस टिकणार?

बीटल्सचीहि वही अशीच वाचावी. १९६६ च्या ऑगस्टांत सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं तिकीट लावून शेवटचा जलसा केला. पुढच्याच वर्षीं, २७ ऑगस्ट १९६७ रोजीं, त्यांचा व्यवहार पाहणारा ब्रायन एप्स्टाइन वारला. घरचा कारभारी गेला आणि चौघे कलावंत स्वतःच व्यापारी झाले. त्यांनीं कपड्यांचें एक दुकान काढलें. आठ महिन्यांच्या आंत तें बंद करून उरला माल लोकांस फुकट वाटून टाकला. (आमच्या गंधर्वांस हा व्यवहार फार आवडला असता!) पुढें कारभारी कोण नेमावा यावर तट पडले: तिघे ॲलन क्लाइनच्या बाजूस, तर पॉल मॅकार्टनी आपल्या सासऱ्यांच्या. जॉर्ज हॅरिसन यांस आपलीं गाणीं डावललीं जातात याचें शल्य होतें. १९६९ च्या जानेवारींत ते कांहीं दिवस निघूनहि गेले. १९७० च्या एप्रिलांत फूट जाहीर झाली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीं मॅकार्टनी न्यायालयांत गेले. त्यांनींच २०१२ सालीं एका मुलाखतींत सांगितलें कीं योकोनें मेळ मोडला नाहीं, तो मोडतच होता. ज्याचें घर मोडलें तो असें सांगतो. आमचे वक्ते मात्र त्याहून जाणते!

खरें पाहतां हा इतिहासाचा प्रश्न नसून आपल्या माजघराचा आहे. भाऊ भाऊ विभक्त झाले, कीं हिशेब कोणी लपविला, वडिलांनीं वांटणी कशी केली, हें कोणी विचारीत नाहीं. धाकटी सून आली आणि घर फुटलें, एवढें म्हटलें कीं सर्व पुरुष निर्दोष ठरतात. तीच सोय आपण कलेच्या इतिहासांत लावून घेतली आहे. योको जपानी, गोहरबाई मुसलमान आणि गाण्यावर उपजीविका करणाऱ्या. त्यामुळें ही सोय अधिकच बिनबोभाट झाली. १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळी फुटली तेव्हां तिच्या रंगभूमीवर एकहि स्त्री नव्हती. तेथें दोष कोणाच्या पदरीं घालावा?

गोहरबाई आल्यावर बालगंधर्वांचीं जवळचीं कांहीं माणसें दुरावलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या कोण होत्या तेंहि सांगावें. बालगंधर्वांची गायकी स्वतःच्या मेहनतीनें गळ्यांत उतरविलेल्या त्या गायिका होत्या. स्त्रीवेषधारी पुरुषाच्या गाण्याचें एका स्त्रीनें अनुकरण करावें आणि रसिकांनीं तिला नकली म्हणावें, यांतील विनोद अद्याप कोणास दिसला नाहीं! पुढें बालगंधर्वांचे पाय अधू झाले, मंडळी नांवापुरती उरली, शालूवर लुब्ध होणारे पांगले. त्या उतारवयांत त्यांच्याजवळ राहिल्या त्या याच बाई. त्या १९६४ सालीं वारल्या, बालगंधर्व १९६७ सालीं. वक्त्यांनीं पुढील व्याख्यानापूर्वीं बोडसांची 'माझी भूमिका' आणि टेंब्यांचा 'माझा संगीत व्यासंग' हीं दोन पुस्तकें वाचावीं. मंडळी ज्यांनीं उभारली आणि जे तिच्यांतून बाहेर पडले, त्या पुरुषांचींच तीं आहेत.